छोट्या ट्रॅक्टरला घरगुती टूलबॉक्स : रिकामी पेटी पास, भरलेली पेटी नापास, आणि फोनने पकडलेली चूक

आज जरा वेगळा विषय आहे. आज आपण आपल्या फोनमधला एक सेन्सर थेट शेतात नेणार आहोत. काम साधं आहे : छोट्या ट्रॅक्टरला सामान ठेवायला एक लोखंडी पेटी बसवायची. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण पहिली पेटी दोन आठवड्यांत एका बाजूला लोंबायला लागली. का, ते शोधून काढलं खिशातल्या फोननेच. पुढे जे सांगतोय ते ट्रॅक्टरपुरतंच नाही. बाईकचा कॅरिअर, पाण्याच्या मोटरचा पाया, जीपवरचं रॅक, जिथे इंजिन किंवा मोटर आहे तिथे हेच गणित लागू होतं.

पेटी हवी कशाला?

आमची तासगावला द्राक्षबाग आहे आणि बागेसाठी १५ एचपीचा, एका सिलेंडरचा छोटा ट्रॅक्टर. मोठ्या ट्रॅक्टरला निदान एखादा टूलबॉक्स असतो. आमच्या या छोट्याला सीटखाली दोन पाने बसतील एवढीच जागा. बाकीचं सगळं, म्हणजे पाने, पकड, हातोडा, ग्रीसगन, लिंच पिना, शिअर बोल्ट, आण्णा एका कापडी पिशवीत घालून सीटच्या मागे अडकवायचे.

एके दिवशी ब्लोअर चालू असताना त्या पिशवीचा बंद सुटून पीटीओ शाफ्टवर पडला. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलेलं होतं, आज बदलू उद्या बदलू करत राहिलेलं. पुढे काय झालं ते आण्णांनाही नीट सांगता आलं नाही. पिशवी दिसेनाशी झाली आणि एक पाना बोनेटच्या उंचीवरून शेजारच्या ओळीत जाऊन पडला.

हिशोब करून बघा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टच्या जोडाचा व्यास ८ सेंटीमीटर धरला तर एका फेऱ्यात साधारण २५ सेंटीमीटर कापड गुंडाळलं जातं. म्हणजे एका सेकंदात सव्वादोन मीटर! धोतर असो, ओढणी असो की पिशवीचा बंद, माणसाला कळेपर्यंत सगळं आत गेलेलं असतं. त्या दिवशी पिशवी गेली, हात नाही. दुसऱ्या दिवशी शाफ्टचं कव्हर बदललं आणि मी पेटी बनवायचं ठरवलं.

पेटी बसवायची कुठे?

यात सगळ्यात जास्त विचार जागेवर करावा लागतो. मी फोनवर ट्रॅक्टरचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि एकेक जागा तपासली.

१. मागे, लिंकेजजवळ : नको. हायड्रॉलिक पूर्ण वर उचललं की अवजार आणि टॉप लिंक नेमकी तिथेच येतात. शिवाय सामान काढायला पुन्हा पीटीओजवळ वाकायचं. ज्या भानगडीतून सुटायचं, तिथेच परत.

२. मडगार्डवर : मडगार्डचा पत्रा भार उचलायला बनवलेला नसतो. ३-४ किलोची छोटी डबी चालेल, पण हातोड्यासकट सगळं सामान ठेवलं तर पत्र्याला भेग पडणार.

३. सीटमागच्या सुरक्षा कमानीला : काही ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारी कमान असते. तिला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, काहीच नाही. ती ठरलेल्या ताकदीसाठी तपासलेली असते. एका भोकाने तिची ताकद कुठे कमी झाली हे आपल्याला ट्रॅक्टर उलटेपर्यंत कळणार नाही.

४. पुढे, बंपरच्या जागी : ही जागा मला पटली. इथे कंपनीने वजनं लावण्यासाठी जाड ब्रॅकेट आणि तयार भोकं दिलेली आहेत. पण दोन अटी. पहिली, पेटी रेडिएटरच्या जाळीसमोर येता कामा नये, नाहीतर हवा अडून इंजिन तापेल. दुसरी, ती पुढच्या ॲक्सलला लागता कामा नये. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झोक्यासारखा वरखाली होतो हे बरेच जण विसरतात. मी एक चाक विटांच्या थरावर चढवलं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं आणि मगच पेटीची उंची-रुंदी ठरवली.

पुढे वजन ठेवल्याने आणखी एक फायदा

हा शाळेतल्या तरफेचाच नियम आहे. आमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये साधारण दीड मीटर अंतर आहे. मागे ब्लोअरच्या टाकीत २०० लिटर पाणी, म्हणजे नुसतं पाणीच २०० किलो, मागच्या ॲक्सलच्या ०.७ मीटर मागे. मग पुढच्या चाकांवरचा भार किती कमी होतो?

२०० × ०.७ ÷ १.५ = ९३ किलो.

म्हणजे पाणी भरलं की पुढची चाकं ९३ किलोने हलकी! ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर असावा असा ढोबळ नियम आहे. त्याखाली गेलं की स्टिअरिंग वळवूनही ट्रॅक्टर सरळच जायला बघतो आणि चढावर तोंड उचलतो.

आता २० किलोची भरलेली पेटी पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे लावली तर पुढे २० × २ ÷ १.५ म्हणजे जवळपास २७ किलो वाढतात. तीच पेटी मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे लावली असती तर पुढचे आणखी ७ किलो कमी झाले असते. पेटी तीच, सामान तेच, फरक फक्त जागेचा. मात्र २७ किलोने ९३ किलो भरून निघत नाहीत, त्यामुळे पेटी लावली म्हणून पुढची वजनं काढून ठेवू नका.

माप : ॲप की पुठ्ठा?

फोनमध्ये कॅमेऱ्याने अंतर मोजणारी ॲप्स आहेत. सोफा दारातून जाईल का, हे बघायला ती छान. पण भोकांमधलं अंतर मोजायला नाहीत. सेंटीमीटरभराची चूक सहज होते आणि आपल्याला मिलिमीटर हवेत. तिथे टेपच वापरा.

मी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या टिंकरकॅडवर त्रिमितीय चित्र काढलं, पीडीएफ केली आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींना व्हॉट्सॲपवर पाठवली. मिस्त्रींनी फोन लावला, "चित्र झ्याक हाय साहेब, पण पुठ्ठा घेऊन या." पुठ्ठ्याची पेटी करून ट्रॅक्टरवर धरली तेव्हा कळलं की झाकण पूर्ण उघडलं तर ते हेडलाइटला आपटतंय. चित्रात मी हेडलाइट काढलाच नव्हता! तेव्हा चित्र जरूर काढा, पण पत्रा कापायच्या आधी पुठ्ठा ट्रॅक्टरवर धरून बघाच.

पेटीचं सामान

आमची पेटी ४५ सेंटीमीटर लांब, २५ रुंद, २५ उंच. म्हणजे साधारण २८ लिटरची. पत्रा १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाड. वजन आधीच काढता येतं : १.६ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेबारा किलो भरतो. सहाही बाजू मिळून ०.५७५ चौरस मीटर, म्हणून पेटी सव्वासात किलोची. आत १३ किलो सामान धरलं की एकूण २० किलो.

बनवताना या गोष्टी सांगून ठेवा :

• तळाला चारही कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोकं. पाणी कितीही अडवलं तरी आत येतंच, ते बाहेर जायला वाट हवी.

• झाकणाला खाली वळवलेली कड आणि आतून गाडीच्या दाराचं रबर बीडिंग.

• बिजागरी ट्रॅक्टरकडच्या बाजूला नाही, आडव्या बाजूला. आमच्याकडे हेडलाइटमुळे हे करावंच लागलं.

• कडी अशी की धक्क्याने आपोआप उघडणार नाही.

• दोन हात रेड ऑक्साइड, त्यावर रंग, आतूनही. बागेत बोर्डो मारत असाल तर हे टाळू नका. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. उघड्या लोखंडावर ते पडलं की तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळतं. दहावीच्या विज्ञानातला हाच प्रयोग, फक्त इथे नुकसान आपलं.

• तळाला जुन्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे पाने खडखडणार नाहीत.

वेल्डिंग सगळं मिस्त्रींच्या शेडमध्ये. ट्रॅक्टरवर एकही टाका मारायचा नाही. वेल्डिंगचा करंट चुकीच्या वाटेने गेला तर अल्टरनेटरमधले डायोड आणि बॅटरी खराब होऊ शकतात. शिवाय ओतीव लोखंडाच्या भागावर घाईत मारलेला टाका तडा देतो. पेटी नटबोल्टनेच बसवायची, म्हणजे कधीही काढता येते.

आणि मग माझी हुशारी नडली

इंजिन हादरतं, मग पेटीला हादरे बसू नयेत म्हणून मी पेटी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये चार रबरी बुश टाकले. मोटर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, सगळीकडे रबर असतंच की! पेटी बसवली, अंगणात ट्रॅक्टर चालू केला, स्लोवर पाच मिनिटं ठेवला. पेटी एकदम शांत. फोटो काढून स्टेटसला टाकला आणि पुण्याला परत आलो.

आठवड्याने आण्णांचा फोन. "आरं, तुझी पेटी नाचतीया." मी विचारलं, कधी? तर म्हणाले, गाडी उभी असताना स्लोवर नाचते आणि ब्लोअर चालवताना फुल रेसवर नाचते. मधल्या रेसवर बरीच शांत असते.

हे ऐकून मी चक्रावलो. स्लोवर मी स्वतः तपासलं होतं. आणि नाचायचंच तर रेस वाढेल तसं नाचणं वाढायला हवं. स्लोला आणि फुलला नाचायचं, मध्ये गप्प बसायचं, हे काय? पुढच्या आठवड्यात एक बोल्ट गळून पडला आणि पेटी एका बाजूने लोंबू लागली. आण्णांनी वेळेत बघितलं. ती पुढच्या चाकाखाली गेली असती तर मी आज हा लेख इतक्या मजेत लिहीत नसतो.

फोनमधला ॲक्सिलरोमीटर

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती या सेन्सरमुळे. चिपच्या आत सिलिकॉनचा अतिशय सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो तुकडा मागेपुढे सरकतो, त्याच्या आणि बाजूच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून फोन त्वरण काढतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं.

हा डेटा बघायला मी फायफॉक्स नावाचं मोफत ॲप वापरलं. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात ते तयार झालं आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. त्यात त्वरणाचा स्पेक्ट्रम दाखवणारा प्रयोग आहे. स्पेक्ट्रम म्हणजे काय? नुसती थरथर न दाखवता, त्या थरथरीत सेकंदाला किती वेळाची कंपनं मिसळली आहेत ते वेगवेगळं काढून दाखवायचं. भेळेतून शेव, मुरमुरे, फुटाणे वेगळे करून मोजावेत तसं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. सेन्सर सेकंदाला जितकी मापं घेतो, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं खरी दिसतात. माझा फोन सेकंदाला सुमारे ४०० मापं घेतो, म्हणून २०० हर्ट्झपर्यंत काम झालं. तुमचा फोन १०० मापं घेत असेल तर ५० हर्ट्झच्या पुढचं चित्र फसवं असेल. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, अगदी तसंच.

आणि हो, रोजच्या वापराचा महागडा फोन चिकटवू नका. कॅमेऱ्यातल्या ओआयएसच्या भागांना इंजिनची सततची थरथर सोसत नाही. ॲपलनेच २०२१ मध्ये बाईकच्या हँडलवर आयफोन लावण्याबद्दल असा इशारा दिला होता. मी घरातला स्क्रीन फुटलेला जुना फोन वापरला. सेन्सर ठीक असला की पुरे.

चाचणी कशी केली

१. इंजिन बंद, पीटीओ बंद, हँडब्रेक लावलेला. पेटीच्या झाकणावर फोन दुहेरी टेपने घट्ट चिकटवला आणि वरून कापडी टेपचे वेढे. फोन सैल राहिला तर पेटीऐवजी फोनचंच नाचणं मोजलं जाईल.

२. ॲपमधला रिमोट ॲक्सेस चालू केला. त्यामुळे एका वायफायवर असलेल्या दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये आलेख दिसतो. चालू ट्रॅक्टरवर वाकायची गरज नाही.

३. आधी ठोकून बघायची चाचणी. इंजिन बंद ठेवूनच पेटीला मुठीने दणके दिले आणि स्पेक्ट्रममध्ये सुळका कुठे येतो ते पाहिलं.

४. मग इंजिन चालू करून स्लो, मध्यम आणि फुल अशा तीन रेसवर अर्धा-अर्धा मिनिट मोजलं.

ठोकल्यावर भरलेल्या पेटीचा सुळका आला १६.५ हर्ट्झला. ही तिची नैसर्गिक वारंवारता. झोक्याला एक धक्का देऊन सोडलं की तो स्वतःच्या ठरलेल्या तालात झुलतो, तशी प्रत्येक वस्तू ठोकल्यावर स्वतःच्या तालात हलते. आणि त्याच तालात कोणी धक्के देत राहिलं तर झोका वाढतच जातो. यालाच रेझोनन्स म्हणतात, आपल्या पुस्तकातला अनुनाद.

कोडं सुटलं

आता इंजिनकडे या. स्लोला आमचं इंजिन मिनिटाला सुमारे १००० फेरे घेतं. ६० ने भागा : सेकंदाला १६.७ फेरे. पेटीचा ताल १६.५! म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पेटीच्या झोक्याला बरोबर वेळेवर धक्का.

मग फुल रेसवर काय होतं? २००० फेरे म्हणजे ३३.३ हर्ट्झ, ते १६.५ पासून लांब आहे. पण फोर स्ट्रोक इंजिनमध्ये एका सिलेंडरचा स्फोट दर दोन फेऱ्यांनी एकदा होतो. म्हणजे २००० फेऱ्यांना स्फोट सेकंदाला किती? ३३.३ च्या निम्मे, १६.७! पुन्हा तोच आकडा. स्लोला फेऱ्यांचा धक्का आणि फुलला स्फोटाचा धक्का, दोन्ही पेटीच्या तालावर. मध्ये १५०० ला फेरे २५ आणि स्फोट १२.५, दोन्ही तालापासून बाजूला, म्हणून पेटी त्यामानाने शांत. आण्णांनी फोनवर जे सांगितलं होतं ते शब्दशः बरोबर होतं. मीच मनात त्यांच्या निरीक्षणावर शंका घेत होतो.

राहिला एक प्रश्न : माझ्या चाचणीत पेटी शांत का होती? कारण मी ती रिकामी तपासली होती. वजन वाढलं की ताल मंदावतो. सव्वासात किलोच्या रिकाम्या पेटीचा ताल २८ हर्ट्झच्या आसपास, १६.७ पासून दूर. आत १३ किलो सामान पडलं आणि ताल घसरून नेमका १६.५ वर आला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डमी डेटावर टेस्ट पास, खऱ्या डेटावर फेल. ऑफिसमध्ये हीच चूक ज्युनिअरने केली तर मी लेक्चर देतो! आण्णांनी एकाच वाक्यात लेक्चर दिलं, "रिकामी पेटी कोण वापरतंय व्हय? भरून बघायची की."

स्लोवर पेटीचं त्वरण १२ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं येत होतं. १६.७ हर्ट्झला याचा अर्थ पेटी मधल्या जागेपासून दोन्हीकडे मिलिमीटरभर, म्हणजे एकूण दोन मिलिमीटरच्या वर हलत होती. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे एका मिनिटात हजार वेळा.

दुरुस्ती : रबर काढलं, त्रिकोण आणला

रबर वाईट नाही. पण हादरा अडवण्यासाठी हादऱ्याची वारंवारता वस्तूच्या तालाच्या दीडपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असावी लागते. आपल्या इंजिनचा हळू धक्का स्लोला ८.३ हर्ट्झपासून सुरू होतो. त्याच्याही बऱ्याच खाली ताल न्यायचा तर रबर इतकं मऊ लागेल की पेटी बांधावरून जाताना उड्या मारेल.

म्हणून उलटं केलं. रबर काढून टाकलं, पेटी थेट ब्रॅकेटला घट्ट केली आणि दोन्ही बाजूंना अँगलचे तिरके आधार दिले. सरळ अँगल वाकतो, त्रिकोण सहजासहजी वाकत नाही. पत्र्याच्या घराच्या कैचीत त्रिकोण का असतात, त्याचं हेच कारण.

सामान भरून परत ठोकून बघितलं. सुळका गेला ५८ हर्ट्झला, म्हणजे साडेतीनपट. ताल कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे कडकपणा बारापट झाला. त्यासाठी लागलं काय? दोन तिरके अँगल आणि चार टाके. आता फेरे आणि स्फोट, दोन्हींचे मुख्य धक्के ५८ च्या बरेच खाली राहतात. स्लोवरचं त्वरण १२ वरून २ वर आलं. १७०० फेऱ्यांच्या आसपास थोडी थरथर वाढते, कारण फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचाही एक बारीक धक्का असतो. पण ती हाताला जेमतेम जाणवते.

बोल्ट का गळतो?

गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला सगळ्यात जास्त ढिला करतो तो आडवा हादरा. जोडलेले भाग एकमेकांवर बारीक घसरत राहिले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर हरतं आणि नट स्वतःहून उलटा फिरतो. म्हणून पहिला उपाय म्हणजे भाग घसरणारच नाहीत इतकं घट्ट आवळणं. मी हे केलं :

• एम१०, ८.८ ग्रेडचे बोल्ट. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, बघून घ्या.

• आत नायलॉनची रिंग असलेले नट. एकदा काढले की शक्यतो नवे वापरा.

• ४५ ते ५० न्यूटन मीटर ताण. टॉर्क रेंच नसेल तर २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर साधारण २० किलोचा जोर.

• कंपनीचा बोल्ट काढून लांब बोल्ट टाकत असाल तर व्यास, आट्यांचं अंतर आणि ग्रेड तेच ठेवा. जास्त जाडीची पट्टी मध्ये घालून जुनाच बोल्ट लावला तर आत कमी आटे बसतात.

• आवळल्यावर नट आणि पट्टी यांच्यावरून ऑइल पेंटची एक सरळ रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

ती रेघ मी फोनने जवळून टिपली आणि एक अल्बम केला. आता आण्णा दर महिन्याला चार नटांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी पुण्यात बसून जुन्या फोटोशी ताडून बघतो.

पेटीत काय ठेवू नये

फोन आणि पॉवर बँक. उन्हात लोखंडी पेटी आतून भट्टी होते. ॲपल आयफोन ठेवण्यासाठी जास्तीत जास्त ४५ अंश सेल्सिअस सांगते. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात बंद पेटी हा आकडा सहज ओलांडेल आणि लिथियमच्या बॅटरीला ते झेपत नाही. शिवाय चारही बाजूंनी धातू असला की रेडिओ लहरी अडतात, म्हणून आत ठेवलेल्या फोनला रेंज नीट मिळत नाही. भौतिकशास्त्रातला फॅरेडेचा पिंजरा तो हाच. घरून फोन आला तर लागणार नाही.

फवारणीची औषधं आणि जेवणाचा डबा एकत्र तर कधीच नाही. डबा वेगळ्या पिशवीत, सावलीत, झाडाला.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून चासी कापणं, लांबवणं असलं काही करू नका. पेटी नटबोल्टची, काढता येण्याजोगी ठेवा. नंबरप्लेट, हेडलाइट, इंडिकेटर झाकले जाणार नाहीत हे बघा. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर आधी सोबतचं पुस्तक वाचा आणि डीलरला विचारा.

थोडक्यात

• जागा आधी ठरवा, पेटीचा आकार नंतर.

• पत्रा कापायच्या आधी पुठ्ठा.

• ट्रॅक्टरवर वेल्डिंग नाही, सुरक्षा कमानीला भोक नाही.

• ठोकून ताल मोजा, तो इंजिनच्या फेऱ्यांशी आणि स्फोटांशी ताडून बघा. फेरे भागिले ६० हे एवढंच गणित.

• चाचणी नेहमी भरलेल्या पेटीवर.

पत्रा, अँगल, बोल्ट, रंग आणि मजुरी धरून सगळं अडीच हजारांच्या आत बसलं. यातले काही रुपये रबरी बुशांवर वाया गेले, ती माझी फी समजा.

पेटीला आता वर्ष होईल. गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा ती उघडली. पाने, ग्रीसगन, पिना, सगळं जागच्या जागी. झाकणाच्या आतल्या बाजूला आण्णांनी खडूने कुठलं तेल कधी बदललं त्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. मी त्यांना तेल बदलण्याची आठवण करणारं एक ॲप टाकून दिलं होतं. ते त्यांनी अजून एकदाही उघडलेलं नाही.

तुमच्या घरीही ट्रॅक्टर, पंप किंवा बाईकवर काही नाचत असेल तर एक जुना फोन चिकटवून बघा. कधी, किती रेसवर नाचतं, हे मात्र रोज चालवणाऱ्या माणसाला आधी विचारा. भेटू पुढच्या लेखात!